डॉरीन आँटीच्या हातची मुलगी

टाळेबंदीत हेझलला सातवा लागला आणि वसईहून तिची आई येणार होती ते तिकीट रद्द झालं. सीमाच बंद. ऑस्ट्रेलियात डार्विनच्या घरात उरले ती आणि तिचा नवरा स्टीफन, आणि स्टीफन तर कोथिंबिरीलाही सॅनिटायझरने आंघोळ घालत होता.

तपासायला घरी यायची मिडवाइफ डॉरीन, शिकलेली सुईण. पन्नाशीची, अ‍ॅबोरिजिनल म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांतली ही बाई स्वतःला ठसक्यात ‘ब्लॅक मिडवाइफ’ म्हणवायची. बाळंतपणाचे व्हिडिओ बघून बघून स्टीफनने प्रश्नांची सरबत्ती केली, तेव्हा ती हेझलला म्हणाली, "कळा यालाच येऊ देत. तयारी याचीच जास्त आहे."

तपासता तपासता ती आपल्या आजीबद्दल सांगायची. आडरानात काळ्या-गोऱ्या सगळ्या बायकांची बाळंतपणं आजीने केली. पुढे दिवस भरत आले की सरकार बाईला विमानाने शहरात न्यायला लागलं, तेही एकटीला. आजी घरी बसली.

"माझी आईही अशीच इथे एकटी बाळंत झाली. तिची भाषा कळणारं कुणी नव्हतं," डॉरीन म्हणाली. "म्हणून मी चाळिशीत मिडवाइफ व्हायला युनिव्हर्सिटीत गेले. पोरी मला लेक्चरर समजून उभ्या राहायच्या. आता आमच्यातल्या बऱ्याच जणी या कामात येतायत."

एकदा तपासणी चालू असतानाच वसईहून मम्मीचा व्हिडिओ कॉल आला. "ही काळी बाई कोण? डॉक्टर नाय का?"

"काय म्हणाली?" डॉरीनने विचारलं.

"तू फार अनुभवी दिसतेस म्हणाली, आँटी."

"खोटं बोलताना तुझं पोट कडक होतं," डॉरीन म्हणाली. तिचा हात पोटावरच होता.

हेझल ओशाळली. डॉरीन गेल्यावर तिने मम्मीला त्या आजीची हकिकत सांगितली. मम्मीने फोन चेहऱ्याजवळ घेतला.

"माझा जन्म तरी कुणाच्या हातचा? आमच्या आळीतल्या सुइणीच्या. दवाखाना झाला आणि तिला कुणी विचारलं पण नाय."

कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यात सोबत एकालाच परवानगी होती. स्टीफन आत, मम्मी फोनवर. मम्मी मराठीत सांगत होती, डॉरीन इंग्रजीत. सांगत होत्या एकच, आणि मध्येमध्ये दोघी स्टीफनला बाजूला हो म्हणत होत्या.

मुलगी झाली. मम्मीने नातीला डोळे भरून पाहिलं. मग म्हणाली, "फोन जरा बाईंकडे कर."

डॉरीनचा मास्कमधला चेहरा दिसताच तिने हात जोडले. "यू ईट?"

"सकाळपासून नाही."

"स्टीफन, उभा काय राहिलास? बाईंना खायला आण."

स्टीफन निमूट निघाला. डॉरीन हेझलला म्हणाली, "सीमा उघडल्या की तुझ्या मम्मीला बोलावून घे. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी."