बाहेर उघडणारं दार

डोंगरावरच्या आमच्या गावातल्या नव्या दवाखान्याचं दार मी आत उघडणारं बसवलं होतं. खालून, रिसानच्या किनाऱ्यावरून तपासणीला आलेल्या दाबीनोविच साहेबाला ते खपलं नाही.

"दार बाहेर उघडलं पाहिजे. नियम आहे. आग लागली तर?"

"आगीचं माहीत नाही साहेब, बर्फ पडणार हे नक्की."

"बर्फ आमच्याकडंही पडतो."

"दोन बोटं. पोरं फोटो काढेस्तोवर वितळतो. इथं दार बुडतं."

"आमच्यापासून वीसच किलोमीटरवर? थापा मारू नका."

समुद्रावरचा ढग आमच्या डोंगराला येऊन थडकतो. खाली पाऊस, वर तोच ढग बर्फ होऊन कोसळतो. डोंगरापलीकडं थंडी आमच्याहून कडक, पण बर्फ निम्मासुद्धा नाही. आमच्या शेळ्यांना कळतं ते ह्या शिकलेल्या माणसाला कळेना. त्यानं सही अडवली. सही नाही तर दवाखाना नाही. माझ्या बायकोचं, क्रुनाचं, इन्सुलिन तिथल्याच फ्रीजमध्ये राहणार होतं, कारण हिवाळ्यात घरची वीज सारखी जाते आणि दवाखान्यात जनरेटर आहे. मी मान खाली घातली आणि चौकट उलटी केली. चूक माझी.

जानेवारीत दोन दिवस बर्फ पडला. तिसऱ्या सकाळी क्रुनाची घरातली कुपी संपलेली. तोंडाला कोरड, पाणी पिऊन पिऊन थकलेली. मी दवाखान्यापाशी पोचलो तर दार वरच्या झरोक्यापर्यंत गाडलेलं, खिडक्या दिसेनात. नर्स यागोदा आतच राहते.

"ढकल गं," मी ओरडलो.

"तासभर ढकलतेय, काका. हे दार तुम्हीच केलंत ना?"

"हात माझे. डोकं खालच्या साहेबाचं."

"मग त्या डोक्यानं खणा."

आत उघडणारं असतं तर तिनं बर्फ आत ओढून वाट केली असती. मी आधी झरोका मोकळा केला, काच फोडली. यागोदानं स्टुलावर चढून कुपी माझ्या हातात दिली. पळत घरी आलो. ती गुंगीत पडलेली. क्रुनाला सुई टोचली आणि ती डोळे उघडून नीट बोलेपर्यंत जागचा हललो नाही. दुपारी बोलली. शिवीच दिली, उशीर झाला म्हणून.

दुसऱ्या दिवशी दार मोकळं केलं आणि चौकट पुन्हा फिरवली. मग साहेबाला फोन लावला.

"दार आत उघडतं आता. तपासायला या."

"आज? इथं धो धो पाऊस आहे."

"मग छत्री ठेवा घरी. फावडं आणा."

त्यानं फोन ठेवला. अजून आलेला नाही.