पांढरा कोंब

मित्रांनो, मी एक जुना कान्नोनचिकु आहे. जपानात आमच्या जातीच्या बुटक्या पामला हेच नाव आहे. वय तुमच्या वडिलांएवढं, उंची मात्र जेमतेम गुडघ्याएवढी. वर्षाला दोन-तीन पानं, त्याहून जास्त मला जमत नाही. माझ्या हिरव्या पानांवर पांढरे पट्टे आहेत. ते बघायला प्रदर्शनात लोक थांबत.

मला तोमिएबाईंनी वाढवलं. ओल्या मऊ फडक्यानं त्या माझं एकेक पान पुसत. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. त्याआधी माझ्या बुंध्याशी आलेला कोंब त्यांनी नवऱ्याला, शिगेहारूंना, दाखवला होता.

वसंतात तो उघडला. पांढराफटक, हिरवा ठिपकाही नाही. अशा पिल्लाला स्वतःचं अन्न करता येत नाही. ते माझ्यावर जगू लागलं.

शेजारचे कुरातासुद्धा हेच पाम वाढवतात. ते म्हणाले, "शिगे, हे भूत आहे. कापून टाक, नाहीतर आईला खाईल."

"तोमिएनं दाखवलेला कोंब आहे तो."

"म्हणून काय त्याला पेन्शन देणार?"

शिगेहारू हसले नाहीत. कुराता गेल्यावर त्यांनी मला खत घातलं. दोघांना पुरावं म्हणून जास्तच घातलं. माझी मुळं भाजली. खालची पानं टोकांकडून करपली. नवं पान गुंडाळलेल्या सुरळीतच अडकून राहिलं. पिल्लू मात्र टवटवीत होतं. मला ओरडता येत नाही. मी पानं टाकत गेलो.

रोज सकाळी शिगेहारू कात्री आणत, पांढरं पान बोटावर घेत आणि तसेच आत जात.

कुराता पुन्हा आले. माझ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "अरे, वहिनींनी तो कोंब एकदा बघितला. हे झाड त्यांनी उभा जन्म पुसलं."

शिगेहारू माझ्यापुढे उकिडवे बसले. मग त्यांनी बोटांनी माती उकरली. "दुखेल हं जरा," ते म्हणाले. मला की पिल्लाला, कळलं नाही. कात्री चालली.

पिल्लू त्यांनी पेल्यात घालून बाईंच्या फोटोपुढे ठेवलं. काही दिवसांत ते सुकलं.

मित्रांनो, झाडावर माया करा, पण त्याच्याकडे नीट बघून करा. माझी सुरळी अजून उघडलेली नाही. शिगेहारू रोज समोर येऊन बसतात, आणि मी जोर लावतो.