पोटावरचा हात

बेकरीत वर्षानुवर्षं मैदा मळणाऱ्या बाईच्या हातात जोर असणारच, आणि तिला त्याचा अभिमानही होता. नवरा वायरमन. शिडीवरून पडला, कण्याला मार लागला आणि लघवीच्या नसा कामातून गेल्या. कुबड्या घेऊन तो चालायला लागला, पण लघवी भरल्याचं कळेना आणि भरली तरी सुटेना. शेजारच्या काकूंकडे जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर सल्ला तयार असतो. त्या म्हणाल्या, ओटीपोट दाबायचं, होते आपोआप. हिने दाबलं आणि झाली. बाईला आभाळ ठेंगणं झालं.

तेव्हापासून कामाला जाण्याआधी, आल्यावर आणि झोपताना ती त्याला बाथरूममधल्या खुर्चीवर बसवायची, बेंबीखाली तळवा रोवायची आणि दाबायची. मला मळतेस काय, असं तो म्हणायचा. फुगलात तर भट्टीत घालीन, असं ती म्हणायची. त्या घरात हसणं उरलं होतं ते एवढंच.

मग त्याला थंडी वाजून ताप भरला आणि उतरेचना. दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लघवी कशी करता? बायकोने सगळं सांगितलं, अगदी कौतुकाने, हाताने दाखवूनसुद्धा. डॉक्टरीणबाईंनी ते ऐकून घेतलं आणि मग सावकाश समजावलं. नसा गेल्यामुळे लघवीच्या पिशवीचं तोंड नीट उघडत नाही. वरून दाबलं की थोडी लघवी खाली येते, बाकीची उलटी मूत्रपिंडाकडे चढते. डावं मूत्रपिंड गेलं आहे, उजवं सुजलं आहे. पिशवी रोज वेळच्या वेळी लघवीच्या वाटेने नळी घालून रिकामी केली, तर तेवढं वाचेल.

"म्हणजे मी दाबलं म्हणून?"

  बायकोने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तिथेच ठेवले.

तेवढ्यात जुन्या सिस्टर नळी घेऊन आल्या आणि रोग्याला बघून थबकल्या. "दादा, पडलात तेव्हा घरी सोडायच्या आधी मी तुम्हाला नळी शिकवली होती. तुम्ही स्वतः घालून दाखवलीत. पोट दाबायचं नाही, हेही बजावलं होतं."

त्या दिवशी बायको बेकरीत होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता.

सिस्टरांनी पडदा ओढला आणि नळी त्याच्या हातात दिली. त्याने हात धुतले, नळीला जेली लावली आणि ती सरळ आत सरकवली. पिशवी मुकाट रिकामी झाली. एवढंच होतं ते. बायकोला वाटलं, कुणीतरी आपल्या थोबाडीत मारली.

"दुखतं का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग का?"

तो नळी पुसत राहिला.

"पडल्यापासून," तो म्हणाला, "तू मला हात लावायचीस तो तेवढाच."

तिला ओरडायचं होतं, पण ओरडता येईना. कारण ते खरं होतं.