नीरफणसाच्या पानांचा साचा

मित्रांनो, मी खांबांची डोकी ओतण्याचा एक साचा आहे. रबराचा, जुना, जागोजागी चिरा पडलेला. मस्कतच्या अझैबा भागातल्या एका कारखान्यामागे पत्र्याच्या आडोशाला मी पडून आहे. उद्या सकाळी ही जागा रिकामी करायला गाडी येणार, असं कालच कानावर आलं. म्हणून जे सांगायचं ते आजच सांगून टाकतो. उद्यानंतर मी नसेन, आणि ही गोष्ट दुसरं कोणी सांगणार नाही.

आधी माझं काम समजून घ्या. फार पूर्वी ग्रीक लोकांनी दगडी खांबांचे तीन थाट ठरवले. डोरिक खांबाचं डोकं अगदी साधं, गोल गादीवर चौकोनी पाट ठेवावा तसं. आयोनिकला दोन्ही बाजूंना गुंडाळ्या, मेंढ्याच्या शिंगांसारख्या. कॉरिंथियन मात्र भारी नटवा, त्याच्या डोक्याभोवती पानांच्या रांगाच रांगा. रोमन लोकांचं तेवढ्यानेही भागेना, त्यांनी पानांवर गुंडाळ्याही चढवल्या. हे सगळं दगडात व्हायचं. मस्कतमध्ये १९९४ साली मात्र खांब सिमेंटचा उभा करायचे आणि वर प्लास्टरचं डोकं चढवायचे. मदिनत सुलतान काबूस या तिथल्या श्रीमंत वस्तीतल्या बंगलेवाल्यांना पानंच हवी असायची. बिचाऱ्या डोरिककडे कोणी ढुंकूनही पाहत नसे.

मला घडवलं सादिकने. सादिक रत्नागिरीकडचा, हाताला उपजत कला असलेला माणूस. आधी त्याने प्लास्टरचा नमुना कोरला आणि त्यावर रबर ओतून मला काढलं. नमुना तेव्हाच फुटला, मी उरलो. कोरताना त्याच्यासमोर चित्र म्हणून फॅक्सवरून आलेला एक कागद होता, तोही काळाकुट्ट. पानांच्या कडा तेवढ्या दिसत होत्या, खोल खोल कापलेल्या. पान कुठल्या झाडाचं, हे त्याला कोणी सांगितलं नाही, आणि विचारण्याची त्याला लाज वाटली. रत्नागिरीच्या माणसाला अशा कापलेल्या कडांचं एकच मोठं पान माहीत. त्याच्या घराच्या परसात नीरफणसाचं झाड होतं. सादिकने डोळे मिटून तेच पान आठवलं आणि कोरलं, शिरेन् शीर.

मित्रांनो, नऊ वर्षं त्या पानाने राज्य केलं. अमीन नावाचा श्रीवर्धनचा पोक्त कारागीर माझ्यात प्लास्टर ओतायचा. ओतण्याआधी तो मला आतून तेल लावायचा, तेही बोटांनी, कारण ब्रशने कोपरे सुटतात असं त्याचं म्हणणं. डोकं सुटून आलं की पानांवर हवेचा एकही फुगा दिसायचा नाही. अर्बाब, म्हणजे आमचे ओमानी मालक, पाहुण्यांना मुद्दाम मागे आणून मला दाखवायचे, पण मला कोणी घडवलं हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी तर फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

२००३ साली रुस्ताक गावच्या एका मोठ्या बंगल्याचं काम आलं. चोवीस खांब, आणि मालकाची एकच अट, सगळं पुस्तकातल्यासारखं अस्सल रोमन हवं. त्याच सुमारास अर्बाबनी सादिकला फोरमन केलं आणि त्यामुळे त्याला फॅमिली व्हिसा मिळाला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, त्यांतले जेमतेम दहा महिने नवराबायको एकत्र राहिली होती. खैरुन्निसा येत्या शुक्रवारी येणार होती. सादिकने खोली भाड्याने घेतली, पडदे लावले. काम करता करता तो एकटाच हसायचा.

मंगळवारी सल्लागार कंपनीकडून मैथिली मॅडम तपासणीला आल्या. मूळच्या पुण्याच्या. चोवीस डोकी ओळीने मांडली होती. त्यांनी हातातलं पुस्तक उघडलं, एका पानावरून बोट फिरवलं आणि थांबल्या.

"सादिकभाई, रोमन खांबावर अकँथस नावाच्या झुडपाचं पान असतं, हे ते नाहीये. कोरलंय सुंदर, पण हे पान भलतंच आहे. मला हे पास करता येणार नाही."

"मॅडम, नऊ वरसं ह्याच पान चाललाय."

"आजवर कोणी पुस्तक उघडून पाहिलं नसेल. सॉरी, मला लिहावंच लागेल."

त्या खरं तेच बोलल्या, त्यांच्यावर माझा राग नाही. पण चोवीसच्या चोवीस डोकी फुकट गेली. अर्बाब बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे घाणेरड्या वस्तूकडे पाहावं तसं पाहिलं.

"ये साचा किसने बनाया? जिसने बनाया, वो घर जायेगा. यल्ला, बोलो!"

घर जायेगा! म्हणजे नोकरी गेली, व्हिसा गेला, शुक्रवार गेला. सादिकचा चेहरा पांढराफटक पडला. मी आतल्या आत ओरडत होतो, की बाबा रे, सांग तो काळा कागद कसा होता, माफी माग, पाय धर. अमीन बादली घेऊन बाजूला उभा होता.

"अमीनने बनाया," सादिक म्हणाला.

मित्रांनो, अमीनने वर पाहिलं. सादिक आपणहून शब्द मागे घेईल म्हणून तो वाट पाहत राहिला. सादिक जमिनीकडे पाहत होता. मग अमीनने बादली खाली ठेवली.

"खलास," अर्बाब म्हणाले आणि आत गेले.

गुरुवारी अमीन बॅग घेऊन निघाला. जाताना आडोशाला सादिकपाशी थांबला. मला वाटलं, आता मुस्काटात मारणार. मारली असती तर बरं झालं असतं.

"खैरुन्निसाला माजा सलाम सांग," एवढंच म्हणाला तो.

शुक्रवारी खैरुन्निसा आली. महिनाभराने ती दुपारचा डबा घेऊन कारखान्यात आली आणि नापास डोक्यांच्या ढिगाशी थबकली. तिने एका पानावर हात ठेवला.

"अगो बाय! हा तर आपल्या परसातल्या नीरफणसाचा पान! तुमीच कोरलाव ना?"

नऊ वर्षांत शेकडो डोकी माझ्यातून बाहेर पडली. ते पान ओळखणारं माणूस तेव्हा पहिल्यांदा समोर उभं होतं. सादिकने कारखान्याच्या दाराकडे पाहिलं. दारात अर्बाब उभे होते.

"नाय," तो म्हणाला. "अमीनभायने कोरलान."

"मंग त्याच्याबी परसात झाड असल," ती म्हणाली आणि डबा उघडू लागली.

त्यानंतर त्याच्या हातून पान उतरलं नाही. नवा साचा बाहेरून विकत आला. मला त्याने पत्र्यामागे टाकलं आणि पाच वर्षांत एकदाही इकडे फिरकला नाही. त्याने चार वेळा श्रीवर्धनला पत्र लिहायला घेतलं, असं कारखान्यातली माणसं बोलतात. टपालात एकही पडलं नाही. मला त्याचा संताप येतो आणि त्याच्यासाठी जीवही तुटतो. काय करू, त्याच्याच हातचा आहे ना मी!

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याकडे माया मागतात, जपणूक मागतात. मला ती नको. उद्या माझे तुकडे होतील, होऊ देत. मी मागतो ते अमीनसाठी. तुमच्यापैकी कोणी श्रीवर्धनला गेलात, तर अमीन प्लास्टरवाल्याचं घर विचारा. तो असेल तर त्याला सांगा, नसेल तर त्याच्या मुलाबाळांना सांगा, की त्यांच्या बापाने काम बिघडवलं नव्हतं. पान सादिकने कोरलं होतं, मी त्याचा पुरावा आहे. हे सांगणं सादिकचं काम होतं, त्याला ते जमलं नाही. मला तर तोंडच नाही. तुम्हांला आहे.