माळेत अडकलेली पडद्याची केबल

मित्रांनो, वय विचाराल तर तुमच्यातल्या कित्येकांपेक्षा मी लहान आहे. पण केबलच्या जातीत मी जुनी, आणि आता कामावरून उतरलेली. गोव्यात पेडण्याच्या बाजारात गोकुळदास यांचे लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान आहे. तिथे स्क्रूंच्या डब्यात माझा मुक्काम असतो. लॅपटॉप उघडला की लोक पडद्याकडे बघतात. पडद्यापर्यंत चित्र कोण आणून देते, हे विचारायला कोणाला वेळ असतो? मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही.

परदेशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. केसांसारख्या बारीक तारा एकत्र करून त्यांवर काळी पट्टी गुंडाळली, दोन टोकांना दोन जोड बसवले, की झाले मी. लॅपटॉपच्या पोटातून निघायचे, बिजागरीजवळून वर चढायचे आणि पडद्याच्या पाठीला चिकटून राहायचे, हा माझा रस्ता. वरच्या कॅमेऱ्याची तारही माझ्याच अंगात. आवाजाशी माझा संबंध नाही. तो स्पीकरचा धंदा, आणि स्पीकर स्वभावाने जरा बढाईखोर.

पण कोरगावच्या यशोदाबाईंच्या घरात स्पीकरला कोणी विचारत नसे. यशोदाबाईंना लहानपणापासून ऐकू येत नाही. त्यांचा मुलगा रुद्रेश डिचोलीला खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला गेला, आणि रुद्रेश वास्कोहून एका मालवाहू जहाजावर चढला. जाण्यापूर्वी त्याने आईसाठी लॅपटॉप घेतला, कारण नुसता फोन तिच्या काय कामाचा?

मायलेकांची भाषा हातांची होती, आणि ती त्यांनी घरातच तयार केली होती. हवेत भोंपू दाबला की पाव, कारण पदेर सायकलवर भोंपू दाबत पाव विकायला येतो. एका हातात काजूचे बोंडू, म्हणजे फळ, धरल्यासारखे करायचे आणि दुसऱ्या हाताने त्याची बी पिरगळायची, याचा अर्थ 'काजूच्या दिवसांत घरी'. जहाज बंदराला लागले की रुद्रेशची धाकटी बहीण सिद्धी लॅपटॉप बाहेरच्या सोप्यावर आणून ठेवी, कारण रेंज तिथेच मिळे. मग यशोदाबाई बोंडू पिरगळून विचारत आणि पलीकडून रुद्रेशही तसेच करून होकार देई. ते हात मी इकडून तिकडे नेत असे. ते दिवस मला फार आवडायचे.

पुढे खंडेनवमी आली. या घरात त्या दिवशी ट्रकाच्या बंपरला झेंडूची माळ बांधायची रीत होती. रस्त्यात उडून जाऊ नये म्हणून यशोदाबाई ती केळीच्या वाळक्या सोपटाच्या दोरीने आवळून बांधत. आता ट्रक नव्हता. मग पाटावर लॅपटॉप बसला. त्याला कुंकू लागले, आणि यशोदाबाईंनी माळेचे सोपट बिजागरीच्या फटीतून ओवून, ट्रकाला मारत तशीच गाठ मारली. लॅपटॉपचा एवढा मान कोणी केला नसेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फुले ओढून काढली. गाठ मात्र फटीतच राहिली. सिद्धीने घाईने एका कोपऱ्याला धरून झाकण उघडले, बिजागरी वाकडी झाली आणि मी तिच्यात चिरडले. आधी पडद्यावर रेघा आल्या. मग झाकण ठराविक कलात ठेवले तरच चित्र दिसू लागले, म्हणून सिद्धीने मागे करवंटीचा टेकू लावला. काही दिवसांनी टेकूही चालेना. पडदा काळा झाला.

नेमका तेव्हाच रुद्रेशचा सिद्धीच्या साध्या फोनवर फोन आला. जहाजावर दोरात हात सापडला होता. थोडेसेच लागले, असे तो म्हणाला. सिद्धीने हे आईला खुणांनी सांगितले. कोणता हात, बोटे सगळी आहेत का, यशोदाबाईंनी विचारले. रुद्रेशने ते सांगितलेच नव्हते, त्यामुळे सिद्धीला उत्तर देता येईना, तेव्हा मुलगी काहीतरी लपवते आहे अशी त्यांची खात्रीच झाली. ताटातला भात तसाच राहिला.

सकाळी दोघी गोकुळदास यांच्या दुकानात आल्या. गोकुळदासांनी पडद्याच्या कडेची चौकट उचकटली आणि मला पाहिले.

"पडदो बरो आसा गो. केबल चिरडल्या. पण बिजागरीत ह्या सोपट कोणी घातल्यान?"

"आईन. खंडेनवमीक. आधी ट्रकाक बांधी."

"ट्रकाचो बंपर लोखंडाचो आसता. ह्या प्लास्टिक."

"काका, आज दुरुस्त जातला न्हय? सांजेक दादाचा जहाज सुटता. मगे कितके दीस रेंज गावची ना."

गोकुळदास लगेच कामाला लागले. त्यांनी बॅटरी काढली, माझे जोड सोडवले आणि मला टेबलावर ठेवले. त्यांच्या चिमट्यात सोपटाचा तुकडा दिसताच यशोदाबाई समजल्या. त्यांनी मान खाली घातली. मला त्यांचा राग आला नाही. माझी एवढी पूजा दुसरे कोण करणार होते?

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. झाकण उघडताना कोपऱ्याला ओढू नका, मधोमध धरा. फुले वाहायची तर जरूर वाहा, पण बिजागरी मोकळी ठेवा. रेघा दिसू लागल्या तर टेकू लावत बसू नका, लगेच दुकान गाठा. मी एक बारीकशी केबल आहे, पण पलीकडे कोण वाट बघत असेल ते तुम्हाला काय ठाऊक?

माझ्या जागी नवी केबल बसली. पडदा उजळला. सिद्धीने तिथेच लॅपटॉपवरून रुद्रेशला व्हिडिओ कॉल लावला. लॅपटॉपची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे रुद्रेश मला दिसला नाही. मला यशोदाबाई तेवढ्या दिसत होत्या. त्यांनी पडद्याकडे बोट करून रुद्रेशचे एकेक बोट मोजले. मग पुन्हा मोजले, आणि श्वास सोडला. मग दोन्ही हातांनी बोंडू पिरगळून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि वाट पाहिली. पलीकडून उत्तर जमत नसावे. त्याचा उजवा हात पट्टीने गळ्यात अडकवलेला होता, हे सिद्धीच्या बोलण्यावरून मला कळले.

मग यशोदाबाईंनी आपलाही उजवा हात पदराखाली घेतला, डाव्या हाताची मूठ वळली आणि एकाच हाताने, सावकाश, नसलेल्या बोंडवाची बी पिरगळून त्याला दाखवली.