पिवळीच्या पोटावरची रेघ

मी पिवळी बोलतेय. जातीने कयाक. होडीची चुलतबहीण म्हणा हवं तर, फक्त बांध्याने सडपातळ. शेडमधल्या बाकीच्या कयाक मला चपटी म्हणतात, पण त्यांचं मनावर घेऊ नका. त्या गेल्याच वर्षी आल्यात, अजून त्यांचं एकही स्टिकर निघालेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यात प्लास्टिकची भुकटी ओतली, साचा भट्टीत गरागरा फिरवला आणि मी तयार झाले. पण कामगाराला त्या दिवशी घरी जायची घाई होती. मी पुरती थंड व्हायच्या आतच त्याने मला ओढून काढलं आणि माझा तळ जरासा वाकडा झाला. तेव्हापासून मला कितीही सरळ हाका, मी डावीकडेच जाते.

मला दोन जागा आहेत. पुढचा माणूस नुसतं वल्हवतो, मागचा दिशा सांभाळतो. सुरुवातीला मला पाहुण्यांना द्यायचे. लग्नाला महिना झालेलं एक जोडपं माझ्यात बसलं आणि तासभर एकाच जागी गोल फिरलं. काठाला लागेपर्यंत दोघांचं बोलणं बंद झालं होतं. मग मला कप्तानाने स्वतःकडे घेतलं.

कप्तान म्हणजे पाहुण्यांना खाडीतले पक्षी आणि प्राणी दाखवायला नेणारा वाटाड्या. माझ्याहून मोठं काही त्याने आयुष्यात चालवलेलं नाही, तरी कप्तान म्हटलं की ओ देतो. मी त्याला अरे-तुरे करते. सतरा वर्षं तो माझ्या अंगावर बसलाय, एवढा हक्क मला आहेच. माझ्या मागच्या जागेवर तो आणि पुढच्या जागेवर त्याचा डबा, असा आमचा संसार. माझी खोड त्याला पाठ झाली होती. डावीकडे एक वल्हं जास्त मारायचा आणि मला नाकासमोर न्यायचा.

त्याचा एक नियम होता. त्याने वल्हं डोक्यावर आडवं धरलं की सगळ्यांनी आपापली वल्ही मांडीवर घ्यायची, तोंड मिटायचं आणि त्याची हनुवटी जिकडे असेल तिकडे बघायचं. "कुठे?" असं विचारायचं नाही. आवाज झाला की पाणमांजरं बुडी मारतात, ती पुन्हा दिसत नाहीत.

या नियमानेच घात केला.

कप्तानाची नजर जात चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की डोळ्याच्या पडद्याचा दोष आहे, चष्म्याने काही होणार नाही. हे त्याने लेकीला सांगितलं नाही. लेक म्हणजे शेडमधलं ऑफिस सांभाळणारी, लाइफ जॅकेटं धुवून वाळत घालणारी, सगळ्यांना धाकात ठेवणारी. मला मात्र सगळं कळत होतं. तो माझी कड हाताने चाचपून आत बसायला लागला होता. दोनदा त्याने मला धक्क्यावर नेऊन आदळलं आणि वर मलाच बोलला, "नीट बघत जा गं." ऐकून घेतलं. करणार काय?

आणि एका सकाळी त्याने वल्हं आडवं धरलं. समोर चिखलात काहीतरी काळं, गोल पडलं होतं. सगळे गप्प. पंधरा मिनिटं श्वास रोखून बघत होते. मी जवळ होते, मला स्पष्ट दिसत होतं. ते ट्रकचं फुटकं टायर होतं.

पण "कुठे?" विचारायची सोय नव्हती आणि आपल्यालाच दिसत नाही हे कबूल कोण करणार? काठावर आल्यावर पाहुण्यांतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, केवढं मोठं पाणमांजर. एक निवृत्त बाई म्हणाल्या, त्याने शेपटी हलवली. तिसऱ्याला तर मिशा दिसल्या होत्या. माणसांचं हे मला फार आवडतं.

दातांच्या डॉक्टरांनी हौसेने आपण काढलेला फोटो मोठा करून पाठवला. लेकीने तो ऑफिसातल्या फळ्यावर लावायला घेतला आणि तिचा हात थांबला. टायरवरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

"बाबा, कधीपासून दिसत नाहीये?" तिने विचारलं.

"दिसतंय की. जरा धूसर, एवढंच."

"माझ्या हातात काय आहे?"

तो डोळे बारीक करून पुढे वाकला. मग म्हणाला, "कप."

तिच्या हातात टाचण्यांची डबी होती.

ठरलं. रविवारचा फेरा शेवटचा. सोमवारपासून कप्तानाने खुर्चीत बसून पाहुण्यांना माहिती सांगायची. आणि माझं काय? डावीकडे जाणारी कयाक दुसरं कोण घेणार? सुताराला बोलावलं. मला मधोमध कापून ऑफिसच्या दारात फुलझाडांच्या दोन कुंड्या करायच्या होत्या. त्याने मोजमाप घेतलं आणि माझ्या पोटावर, दोन्ही जागांच्या बरोबर मधे, काळ्या मार्करने रेघ मारली. खोटं कशाला बोलू, मी घाबरले.

रविवारी लेक म्हणाली, "आज मागे मी बसते. तुम्ही पुढे."

"तिथे डबा असतो."

"डबा मांडीवर घ्या."

कप्तान फुगला. डबा कुशीत घेऊन पुढे बसला. मागे लेक माझ्याशी झटत होती. मी डावीकडे, ती उजवीकडे, आमच्या मागे सहा कयाक रांगेने वेड्यावाकड्या येत होत्या.

लव्हाळ्यांच्या बेटाजवळ कप्तानाने मान वर केली आणि एकदम वल्हं आडवं धरलं.

सगळे थांबले. हनुवटीच्या दिशेला नुसती लव्हाळी होती. टायरसुद्धा नव्हतं. मागच्या कयाकमध्ये कोणीतरी खाकरलं. लेकीच्या तोंडाशी आलं होतं, "बाबा, तिथे काही नाही," तिने टाचा माझ्या तळावर रोवल्या त्यावरून मला कळलं. सगळ्यांदेखत बापाला खोटं पाडायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. ती बोलली नाही. नियमाप्रमाणे तिने वल्हं मांडीवर घेतलं.

मग मी माझं काम केलं. कोणी हाकत नसलं की मी आपोआप डावीकडे सरकते. तशी सरकले, हळूच, लव्हाळ्यांच्या कडेला वळसा घालून.

आणि तिथे ती होती. पाणमांजर, उताणी, पोटावर मासा. शेजारी पिल्लं शिट्टीसारखं बारीक चिवचिवत होती. कप्तानाला तेच लांबून ऐकू आलं होतं. आमच्यातल्या एकालाही आलं नव्हतं.

परतताना तो मागे न वळता म्हणाला, "दोन पिल्लं होती ना?"

"तीन," लेक म्हणाली.

"आवाज दोनच होते."

"तिसरं झोपलं होतं बाबा. आईला टेकून. नाकावर पाण्याचा थेंब होता."

तो हसला. डब्यावर हात फिरवत म्हणाला, "अजून सांग."

ती सांगत राहिली. थेट धक्क्यापर्यंत.

सोमवारी सुतार करवत घेऊन आला. लेकीने त्याला चहा पाजला आणि शेडमागचं जुनं पिंप दाखवलं. त्याच्या कुंड्या झाल्या. छान झाल्यात, मला त्यांचा मुळीच राग नाही.

आता कप्तान पुढे बसतो, लेक मागे. तो ऐकतो, ती बघते आणि त्याला सांगते. ती डावीकडे एक वल्हं जास्त मारायला शिकलीये. मार्करची रेघ मात्र काही केल्या जात नाही. पाहुणे विचारतात, ही कसली रेघ? लेक म्हणते, इथपर्यंत बाबांची जागा, इथून पुढे माझी.

तुम्हीही या कधीतरी. वल्हं आडवं झालं आणि समोर काहीच दिसलं नाही, तरी "कुठे?" विचारू नका. जरा दम धरा. माझा कप्तान ऐकतोय.