अकरा किलो, तीन जिने

"अकरा किलो उचलल्यानं माणूस मरतं का?"

भुंग्यानं डॉक्टरांना विचारलं. ते कागदावर सही करत राहिले. मामाला विचारलं. मामा म्हणाला, "गप रे आता." आईलाही विचारलं. मग त्यानं मला उचललं, तीन जिने दणादण उतरून खाली आदळलं आणि वरून एक लाथ घातली. माझं मागचं मडगार्ड तेव्हापासून वाकडंच आहे.

ते अकरा किलो म्हणजे मी. मी एक घडीची सायकल.

कारखान्यात मला जोडणाऱ्यानं मधल्या बिजागरीचा खटका दहा वेळा उघडून मिटून पाहिला होता, तेवढं मला आठवतं. पुढे दुकानात बरेच दिवस पडून होते. येणारे-जाणारे हसायचे, "एवढीशी चाकं! सर्कशीतून पळून आली का काय?" मग एक दिवस ताई आली. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं तिचं काम. तिनं मला उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाली, "आमच्या दारामागे मावेल ही."

दोन खोल्यांत तीन माणसं. आई, ताई आणि तिचा धाकटा भाऊ. शाळा सहावीतच सोडलेला, दारं-खिडक्यांना रंग देणारा. तो घरात शिरला की काहीतरी सांडायचंच, म्हणून ती त्याला भुंग्या म्हणायची.

रविवारी ताई खाली वर्तमानपत्र पसरायची. चाकांची हवा बघायची, ब्रेक दाबून बघायची, साखळी फडक्यानं पुसायची. तेल मात्र थेंबभर.

"ओत की बचाबचा," भुंग्या म्हणायचा.

"भजी तळायचीत का? जास्त तेलाला धूळ चिकटते, दिवट्या."

दिव्यांच्या बाबतीत ती फार कडक होती. अंधार पडायच्या आत दोन्ही लागलेच पाहिजेत, पुढे पांढरा, मागे लाल. भुंग्या एकदा मला घेऊन निघाला आणि मागचा लावायला विसरला. ती मागून धावत आली.

"मला दिसतंय की सगळं!" तो म्हणाला.

"तुला दिसतंय रे. पण तू कुणाला दिसतोयस का? पुढचा दिवा आपल्याला दिसावं म्हणून, मागचा आपण दिसावं म्हणून. डोक्यात घाल."

रस्त्यावरच्या परक्या माणसांनाही ती लांबून दिसायची. घरात मात्र कुणाला काही दिसलं नाही. मला कळत होतं. शेवटचे दहा-बारा दिवस पुलाचा चढ आला की ती उतरायची आणि मला हातानं ढकलत न्यायची. माझ्या हँडलवर तिच्या हातांचा भार वाढला होता. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती मला टेकवून उभी राहायची. वर पोचल्यावर आधी श्वास सावरायची, मग दार वाजवायची. सांगणार कोण? घंटी माझ्याकडे आहे, पण वाजवायला अंगठा लागतो.

त्या संध्याकाळी तिनं माझी घडी केली आणि खालूनच हाक मारली, "भुंग्या, खाली ये रे जरा. सायकल वर ने."

"आलो, आलो!" वरून आवाज आला.

ती थांबली. पुन्हा हाक मारली.

"आलो गं, पाचच मिनिटं!"

खेळ रंगात आला होता त्याचा मोबाइलवर. ती स्वतःशीच हसली, "याचं आलो म्हणजे उद्या." आणि तिनं मला उचललं.

वर आल्यावर मला दारामागे नीट ठेवलं. लाल दिवा बंद केला. पाणी प्यायली. "जरा पडते," म्हणाली. ती उठलीच नाही.

"धाप किती दिवसांपासून लागत होती?" डॉक्टरांनी विचारलं.

तेव्हापासून मी जिन्याखाली. चाकं बसली, साखळी गंजली. मांजर माझ्या सीटवर झोपायचं, तेवढीच सोबत. वरचं बोलणं जिन्यातून ऐकू यायचं.

"देऊन टाकू कुणाला तरी," आई म्हणायची.

"द्यायची नाही."

"मग वर तरी आण."

"नाही आणणार."

माझ्यावरचा त्याचा राग मला समजायचा. आम्ही दोघं एकाच गुन्ह्यातले. फक्त त्याला लाथ मारायला मी होते, मला कुणी नव्हतं.

परवा तो रंगाचे डबे घेऊन बाहेर पडताना मला धडकला. त्या धक्क्यानं माझा मागचा दिवा लागला. बॅटरी संपत आलेली. लाल ठिपका दोनदा लुकलुकला, विझला. तो डबे खाली ठेवून तिथेच बसला. कामावर गेलाच नाही.

काल त्यानं वर्तमानपत्र पसरलं. टर्पेंटाइनच्या वासाच्या हातांनी गंज घासला. तेल बचाबचा ओतलं, मग थांबला आणि फडक्यानं पुसून थेंबभर ठेवलं. हवा भरली. दोन्ही दिवे काढून चार्जिंगला नेले.

आज अंधार पडायच्या आत दोन्ही दिवे लावून तो मला घेऊन निघाला. चष्म्याच्या दुकानापर्यंत गेला, वळला. येताना पुलाच्या चढावर उतरला आणि मला हातानं ढकलत आणलं. मागून येणाऱ्या गाड्या लाल दिवा बघून बाजूनं जात होत्या.

वाचणाऱ्यांनो, माझं ऐकणार असाल तर मागचा दिवा लावत जा. आणि घरातल्या कुणी खालून हाक मारली, तर पहिल्या हाकेला उतरा.

घरी आल्यावर त्यानं माझी घडी केली, खटका लावला. मला जिन्याच्या तोंडाशी ठेवलं आणि रिकाम्या हातानं वर निघून गेला. वर दार लागल्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं, आपण पुन्हा जिन्याखाली.

मग दार उघडलं. तीन जिने पावलं धडाधड खाली आली. पार धाप लागेपर्यंत धावत आला तो.

"आलो गं ताई," तो म्हणाला, "आलो."

आणि त्यानं मला उचललं.